मदत हवी आहे: मैदानावर दात पडला, ओठ फाटला, जीभ चावली गेली तर पहिल्या अर्ध्या तासात नेमकं काय करायचं?

मैदानावरून

नमस्कार. शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी कबड्डी, खो-खो आणि सीझन बॉलचा सराव असतो. मुलंमुली पाचवी ते दहावीची, शनिवारी सकाळी पहिली-दुसरीची लहान मुलंही येतात. प्रथमोपचाराच्या पेटीत मुरगळलेल्या घोट्यासाठी आणि खरचटलेल्या गुडघ्यासाठी सगळं आहे. तोंडाला लागलं तर मात्र कापूस आणि हळद यापलीकडे काही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र 3 किलोमीटरवर, दातांचे डॉक्टर तालुक्याला, 22 किलोमीटरवर. पोचायला पाऊण तास धरावा लागतो.

नवं सत्र सुरू व्हायच्या आत पेटीच्या झाकणावर एका पानाची सूचना चिकटवायची आहे. त्यासाठी जाणकारांकडून हे हवंय:

दात मुळासकट बाहेर आला तर तो कशात ठेवायचा? पाणी, दूध, नारळपाणी, तिन्ही ऐकलंय. शिक्षकाने तो जागेवर बसवावा का? ओठ किंवा जीभ फाटली तर टाक्यांसाठी कधी न्यायचं? जबडा मोडलाय हे एक्स-रेशिवाय ओळखता येतं का? धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येक वेळी लागतं का? आणि पेटीत काय ठेवू?

दंतसेतू

सर, दाताचं आधी सांगतो, कारण सगळ्यात कमी वेळ तिथेच मिळतो.

बाहेर आलेल्या दाताचे दोन भाग स्पष्ट दिसतात. पांढरा, चकचकीत, एरवी तोंडात दिसणारा भाग म्हणजे मुकुट. निमुळता, पिवळसर भाग म्हणजे मूळ. मुळावर ओलसर, काही ठिकाणी लालसर दिसणारा पातळ पापुद्रा असतो, नखाने खरवडला तर निघून येईल इतका नाजूक. दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू ते हेच. त्यांतल्या पेशी जिवंत राहिल्या तर दात पुन्हा धरतो. उघड्यावर कोरडा पडला तर साधारण 30 मिनिटांत त्यांतल्या बहुतेक मरतात आणि 60 मिनिटांनंतर काही उरलं नाही असंच आम्ही धरून चालतो. अशा दाताला बसवता येतं, पण पुढे शरीर त्याचं मूळ हळूहळू खातं आणि त्या जागी हाड भरतं. वाढत्या वयात शेजारचे दात जबड्याबरोबर सरकत राहतात, हा तिथेच अडकतो आणि आखूड दिसायला लागतो.

म्हणून बहुतेक दात वाया जातात ते पडल्यामुळे नव्हे, पडल्यावर जे केलं जातं त्यामुळे. माती दिसते म्हणून रुमालाने घासून पुसतात, नळाखाली चोळतात, मग टिश्यू पेपरात गुंडाळून खिशात ठेवतात. तालुक्याला पोचेपर्यंत मूळ खडूसारखं कोरडं झालेलं असतं.

करायचं ते असं. दात मुकुटाला धरूनच उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर सलाईन किंवा थंड दुधाची धार हलकेच सोडा, काही सेकंद पुरतात. दोन्ही हाताशी नसेल तर मुलाच्या स्वतःच्या थुंकीने ओला करा. एखादा कण चिकटून राहिला तर राहू द्या, तो आम्ही काढू. मग शक्य असेल तर तिथल्या तिथे, पाच मिनिटांच्या आत, दात खोबणीत परत बसवा. समोरच्या दाताची फुगीर बाजू ओठाकडे, खोलगट बाजू जिभेकडे. मुकुट चिमटीत धरून सावकाश, सरळ दाबत न्या. शेजारच्या दाताच्या पातळीला आला की थांबा. मुलाला घडी घातलेला स्वच्छ रुमाल किंवा गॉज त्यावर चावून धरायला लावा आणि निघा. दात आत जाताना अडत असेल तर जोर करू नका, खोबणीचं हाड मोडलेलं असू शकतं. अशा वेळी सरळ दुधात टाका.

पाण्याबद्दल: साधं पाणी या पेशींना मानवत नाही. त्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे पेशी पाणी ओढून फुगतात आणि फुटतात. दुधाची क्षारता शरीरातल्या द्रवाच्या जवळची असते, आम्लता सौम्य असते, म्हणून त्यात पेशी काही तास तग धरतात. पिशवीतलं साधं थंड दूध चालतं, तापवायची गरज नाही. साखर घातलेलं, चॉकलेटचं, ताक, दही चालत नाही. दूध नसेल तर सलाईन, तेही नसेल तर मुलाला कपात थुंकायला लावून त्या लाळेत दात बुडवा. यांतलं काहीच नसेल तर पाणी, कारण कोरडा ठेवण्यापेक्षा तेही बरं. गालात दात ठेवायला मुलांना सांगू नका, गिळला जातो.

हे सगळं फक्त पक्क्या दाताला लागू. दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही. त्याच्या मुळाशी पक्क्या दाताचा अंकुर असतो आणि दाबल्याने त्याला इजा होते. तुमच्या शनिवारच्या मुलांत हाच घोळ होणार: खालचे मधले पटाशीचे दात 6 ते 7 वर्षांत आणि वरचे 7 ते 8 वर्षांत बदलतात, त्यामुळे एकाच तोंडात दोन्ही असतात. दुधाचा दात लहान, दुधासारखा पांढरा, कड सपाट. नुकता आलेला पक्का दात रुंद, किंचित पिवळसर, कडेला तीन छोटे उंचवटे, करवतीच्या दात्यांसारखे. ठरवता आलं नाही तर बसवू नका, दुधात घालून आणा.

मैदानावरून

डॉक्टर, खूप आभार. दोन शंका आहेत. शिक्षकाने दात बसवला आणि काही चुकलं तर? पालक विचारतील. आणि नारळपाण्याचं राहिलं, इथे ते सहज मिळतं.

दंतसेतू

पालकांचा प्रश्न रास्त आहे. सत्राच्या सुरुवातीला जी संमतिपत्रं भरून घेता, त्यात एक ओळ टाका: "पक्का दात निखळल्यास प्रशिक्षित शिक्षकाने तो जागेवर बसवावा, याला संमती आहे / नाही." ज्यांची संमती नाही त्यांचा दात दुधात. उलटा बसला तरी आम्ही काढून सरळ करतो, तेवढ्याने दात जात नाही. मूल बेशुद्ध असेल, गुंगीत असेल, उलट्या करत असेल तर मात्र बसवायचा नाही, श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हृदयाचा गंभीर आजार असलेल्या किंवा केमोथेरपीसारख्या उपचारांनी प्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलांतही नाही. अशा मुलांची नावं आधीच काढून ठेवा.

नारळपाण्यावर प्रयोग झालेत, पण निकाल एकसारखे नाहीत आणि ते बरंच आम्लधर्मी असतं. दूध मिळत असताना त्याच्या मागे लागू नका. उन्हाळ्यात दूध नासण्याची भीती असेल तर टेट्रापॅकमधलं साधं, बिनसाखरेचं 200 मिलीचं पाकीट पेटीत ठेवा. फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकतं आणि या कामाला ताज्या दुधाइतकंच चांगलं. पाकिटावरची मुदत संपायच्या आधी बदलायला विसरू नका.

दवाखान्यात पुढे काय होतं हेही पालकांना माहीत असावं, कारण दात बसला म्हणजे काम झालं असं समजून पुढे कुणी येतच नाही. आम्ही एक्स-रे काढतो, 0.4 मिलिमीटरपर्यंतच्या बारीक लवचिक तारेने दात शेजारच्यांना 2 आठवडे बांधतो. मुळाचं टोक पूर्ण बंद झालेलं असेल तर त्याच 2 आठवड्यांत रूट कॅनल सुरू करावी लागते. सात-आठ वर्षांच्या मुलात टोक उघडं असतं, तिथे नस पुन्हा जगू शकते, म्हणून थांबून पाहतो. त्यानंतर निदान 5 वर्षं ठरावीक अंतराने तपासणी.

निखळलेला नाही पण तुकडा उडालाय, असं जास्त वेळा होतं. तुकडा शोधा आणि पाण्यात किंवा दुधात ओला ठेवा, बहुतेकदा तोच परत चिकटवता येतो. तुटलेल्या जागी मधोमध गुलाबी-लाल ठिपका दिसला तर नस उघडी पडलीय, त्याच दिवशी दाखवा. तुकडा सापडलाच नाही तर ओठ चाचपा. फाटलेल्या ओठात दाताचा तुकडा रुतून बसतो, वरून टाके पडतात आणि आत गाठ राहते. आत शिरलेल्या दाताला (हिरडीत घुसून आखूड दिसणाऱ्या) ओढून बाहेर काढू नका.

वसुधा_परिचारिका

रक्तस्रावाचं मी लिहिते. सर, पेटीतली हळद आधी काढा. हळद, कॉफी पावडर, साखर, राख, यांनी जखम भरून जाते आणि टाके घालण्याआधी ती कणाकणाने धुवावी लागते. कापूसही नको, त्याचे धागे जखमेत अडकतात आणि काढताना बसलेली गुठळी निघून येते. गॉज हवं.

मुलाला बसवा आणि पुढे झुकवा. उताणं झोपवू नका, मान मागे टाकू नका. रक्त पोटात गेलं की मळमळून उलटी होते आणि उलटीबरोबर पुन्हा रक्त सुटतं. तोंडातलं रक्त लाळेत मिसळून खूप जास्त वाटतं, दोन चमचे रक्ताने बेसिन लाल होतं, तेव्हा घाबरून जाऊ नका.

ओठ फाटला असेल तर गॉजची जाड घडी करून ओठाच्या आतून एक आणि बाहेरून एक, अशा दोन घड्यांमध्ये ओठ चिमटीत धरा आणि 10 मिनिटं घड्याळ लावून दाबा. थांबलं का हे बघायला दर मिनिटाला उचलून पाहणं हीच सगळ्यात मोठी चूक, प्रत्येक वेळी गुठळी फुटते आणि घड्याळ शून्यावर येतं. गॉज भिजलं तर वरून दुसरं ठेवा, खालचं काढू नका. 10 मिनिटांनी थांबलं नाही तर आणखी 10 मिनिटं. तरीही वाहत असेल तर दाबलेल्या अवस्थेतच न्या. या वेळात चुळा भरायला लावू नका.

जिभेचंही तसंच: जीभ बाहेर काढायला सांगा, गॉजने वरून-खालून धरून दाबा. वरच्या ओठाच्या आतली, हिरडीला जोडणारी लगाम तुटली तर रक्त भरपूर येतं, पण दाबल्यावर थांबतं आणि बहुतेकदा टाक्याशिवाय भरून येतं. थांबल्यावर ओठ वर उचलून पाहायचा मोह टाळा.

टाक्यांसाठी न्यायचं ते असं ओळखा. ओठाची लाल कातडी आणि चेहऱ्याची कातडी जिथे मिळते त्या रेषेला चीर गेली असेल, तर ती कितीही लहान असो, न्याच. तिथे टाका एक मिलिमीटर सरकला तरी बोलताना, हसताना कायमचा दिसतो. ओठ आरपार फाटला असेल, तोंड मिटूनही जखम उघडी राहत असेल, जिभेची कड फाटून दोन फाका झाल्या असतील, जिभेवरची चीर एका सेंटिमीटरपेक्षा लांब आणि आ वासलेली असेल, तरीही. बाकी आतल्या लहान चिरा आपल्या आपण भरतात. न्यायचं ठरलं की खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

बर्फ नेहमी कापडात गुंडाळून, बाहेरून, 10 मिनिटं लावून थोडा वेळ काढायचा.

अपघातकक्ष

वरचं सगळं करण्याआधी एकदा पूर्ण मुलाकडे बघा. तोंडाला एवढा मार लागला म्हणजे डोक्याला आणि मानेलाही लागलेला असू शकतो. शुद्ध हरपली होती का, एकापेक्षा जास्त उलट्या, पेंग, तेच तेच विचारणं, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, मान दुखणं, यांतलं काहीही असेल तर दात बाजूला, 108. बेशुद्ध पण श्वास घेत असलेल्या मुलाला कुशीवर वळवा, डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून, म्हणजे रक्त बाहेर ओघळेल. आणि 108 ताबडतोब लावायचा आणखी एक प्रसंग: जिभेखाली किंवा जिभेच्या बुडाशी सूज वाढत चाललीय, थूक गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर येते. इथे श्वासाची वाट बंद होत असते.

जबडा मोडल्याची खूण मुलगाच सांगतो: "दात नीट मिळत नाहीत." हा प्रश्न मुद्दाम विचारा. शिवाय खालचा ओठ बधिर, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाते, दातांच्या रांगेत पायरी पडलीय, जिभेखाली निळं-जांभळं रक्त साकळलंय. हनुवटीवर आपटलेल्या मुलाचं फक्त हनुवटीचं खरचटणं बघून सोडू नका. मार हाडातून वर जातो आणि कानापुढे जबड्याचा सांधा मोडतो. कानांपुढे दोन्ही बाजूंना बोट ठेवून तोंड उघडायला सांगा, दुखलं तर एक्स-रे. नेताना डोक्यावरून पट्टी आवळून जबडा बांधू नका, उलटी झाली तर तोंड उघडता येत नाही. मुलाने स्वतःच्या तळहातांनी जबडा खालून धरावा, पुढे झुकून बसावं.

तोंडात पेन्सिल, काडी, टूथब्रश धरून पळताना पडलेलं मूल वेगळ्या जातीचं. काडी रुतलेली असेल तर काढू नका. निघालेली असेल आणि टाळूच्या मागच्या भागात, विशेषतः पडजिभेच्या बाजूला, टोचल्याची खूण असेल तर रक्त थांबलेलं असलं तरी मोठ्या रुग्णालयात दाखवा. तिथून जवळच मेंदूकडे जाणारी धमनी जाते. तिच्या भिंतीला इजा झाली तर त्रास एक-दोन दिवसांनीही उद्भवू शकतो.

आणि कबड्डीत हमखास दुर्लक्षित राहणारी जखम: दात ज्याच्या कपाळाला किंवा कोपराला लागला, तो दुसरा खेळाडू. त्याची जखम लहानशी दिसते, पण ती माणसाच्या चाव्याचीच जखम असते, तोंडातले जंतू खोल गेलेले असतात. वाहत्या पाण्याखाली साबणाने 5 ते 10 मिनिटं धुवून त्यालाही डॉक्टरांना दाखवा. चिकटपट्टी लावून परत चढाईला पाठवू नका.

पडलेला दात कुठेच सापडला नाही आणि मूल सारखं खोकतंय, तर छातीचा एक्स-रे लागतो.

वसुधा_परिचारिका

धनुर्वाताचं: राष्ट्रीय लसीकरणात मुलांना 16 ते 24 महिन्यांना आणि 5 ते 6 वर्षांना डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, मग 10 आणि 16 वर्षांना टीडी (धनुर्वात, घटसर्प) मिळतं. वयानुसार हे सगळे डोस झालेले असतील तर शेवटच्या डोसापासून स्वच्छ जखमेला 10 वर्षांत आणि मातीने माखलेल्या जखमेला 5 वर्षांत दुसरं इंजेक्शन लागत नाही. "सहा महिने झाले, टीटी द्या" ही सवय आहे, गरज नाही. मुलांच्या लसीकरण कार्डाची झेरॉक्स शाळेत असली की प्रश्न मिटतो.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान 4 ते 6 तास, दिवसात 4 डोसांपेक्षा जास्त नाही. 30 किलोच्या मुलाला 300 ते 450 मिलिग्रॅम. सिरपच्या बाटल्या 5 मिलीत 120, 125 आणि 250 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या मिळतात, लेबल वाचल्याशिवाय झाकणभर ओतू नका. भूल लागण्याची शक्यता असेल तर दवाखान्यात विचारूनच द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही, रक्तही पातळ होतं. दुखऱ्या दाताशेजारी गोळी दाबून ठेवल्याने किंवा लवंगतेल चोपडल्याने हिरडी भाजते.

घरी गेल्यावर पहिले 24 तास चुळा खळखळवू नयेत. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर. वरण-भात, दहीभात, गार केलेली नाचणीची आंबील, केळं चालेल. ठेचा, चिवडा, लिंबू, कडक भाकरी आठवडाभर नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओठाच्या आत जखमेवर पांढरट-पिवळा थर दिसतो. तो पू नसतो, भरणाऱ्या जखमेची साय असते. पुसून काढली की जखम पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवसांनंतरही सूज वाढतेय, ताप, दुर्गंधी, तोंड उघडत नाही, असं असेल तर मात्र दाखवा.

पेटीत ठेवा: 10 सेंटिमीटर चौरस निर्जंतुक गॉजची 10 पाकिटं, नायट्राइल हातमोज्यांच्या 4 जोड्या, 100 मिली सलाईनच्या 2 बाटल्या, बिनसुईची 20 मिली सिरिंज (धार सोडायला), टॉर्च, कागदी कप, दुधाचं पाकीट, आणि दातासाठी मेडिकलमध्ये मिळणारी घट्ट झाकणाची निर्जंतुक लघवी-तपासणीची डबी. लेबलवर दात पडल्याची वेळ लिहायला पेन.

दंतसेतू

टाळता येण्यासारखंही थोडं. सीझन बॉल आणि कबड्डीला माउथगार्ड घालायला लावा. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा प्रकार खेळाच्या दुकानात मिळतो. दातांना तारा लावलेल्या मुलांनी मात्र तो स्वतः मऊ करून बसवू नये, त्यांच्यासाठी डॉक्टरांकडूनच. खो-खोत धोका खांबाचा. खांब वळताना आणि पोल डाईव्ह मारताना तोंड बरोबर त्या उंचीला येतं. सरावाच्या वेळी खांबाला फोमचं आवरण बांधा.

मैदानावरून

सगळ्यांचे मनापासून आभार. झाकणावरचा मजकूर असा केलाय, तपासून द्याल का?

"श्वास व शुद्ध आधी पाहा, शंका आली तर 108. पुढे झुकवा. गॉजने 10 मिनिटं दाबा, उचलू नका. दात मुकुटाला धरा, स्वच्छ धुवा, पक्का असेल तर बसवा, नाहीतर दुधात. दुधाचा दात बसवू नका. 'दात मिळतात का?' विचारा. वेळ लिहा."

दंतसेतू

उत्तम. फक्त "स्वच्छ धुवा" काढा. ते वाचून कुणीतरी नळाखाली चोळणारच. त्याऐवजी "माती असेल तर सलाईनची हलकी धार, घासू नका" लिहा. आणि "दुधात" आणि "दुधाचा दात" या ओळी लागोपाठ आल्याने घाईत गल्लत होईल. दुसरी ओळ लाल शाईत, वेगळ्या चौकटीत घ्या. खाली तालुक्यातल्या दोन दंतवैद्यांचे आणि ग्रामीण रुग्णालयाच्या दंतविभागाचे नंबर, बंद होण्याच्या वेळेसह. संध्याकाळी सराव आहे, निघायच्या आधी फोन केला तर दवाखाना उघडा ठेवतील.